नाकाचे अस्तर आणि फवारणीचे विष

नाक हे वास घेण्याचे इंद्रिय, एवढेच आपण सामान्यतः समजतो. परंतु फुप्फुसांच्या दारावरील पहारेकरीही तेच होय. आपल्या सीमाभागात ऊस, तंबाखू आणि भाजीपाला पिकविणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्यास हा पहारेकरी कशाने जायबंदी होतो, हे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

नाकाच्या आणि त्याभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांच्या, म्हणजे सायनसच्या, आतील बाजूस पेशींचे पातळ अस्तर असते. काही पेशी चिकट श्लेष्मा तयार करतात. इतर पेशींच्या माथ्यावर अतिसूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला सुमारे 10 ते 15 वेळा हलतात आणि धूळ व जंतू अडकलेला श्लेष्मा घशाकडे ढकलतात. मिनिटाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर अशी ही चाल. पण ती अहोरात्र चालू असते. शिवाय पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असल्याने बाहेरचे द्रव्य सहसा आत झिरपत नाही.

फवाऱ्यातील मोठे थेंब नाकातच अडतात. फुप्फुसे वाचतात, पण मारा अस्तरावर होतो. पेशींचे आवरण स्निग्ध असते आणि पुष्कळ कीटकनाशके स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात. म्हणून ती पेशींत शिरतात. अस्तराचा दाह होऊन ते सुजते, केसांची गती मंदावते, पेशींमधील सांधे सैल पडतात. सायनसची तोंडे मुळातच अरुंद. सुजेने ती बुजली की श्लेष्मा आत साचतो, डोके जड होते आणि जंतूंचे फावते.

मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे आणखी एक घात करतात. मज्जातंतूंचा संदेश संपविणारे विकर ती निकामी करतात. मग ग्रंथींना थांबण्याचा हुकूमच मिळत नाही. नाक, डोळे आणि तोंड पाझरत राहतात.

अशा वेळी ‘सर्दी झाली’ म्हणून दुर्लक्ष करणे धोक्याचे. अमेरिकेतील आयोवा राज्यात व्यवसाय म्हणून फवारणी करणाऱ्यांची पाहणी 2009 साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना वर्षभरात नाकाचा त्रास झाला होता. आपल्याकडे 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसाहून अधिक दगावले. तेथे विष श्वासावाटे गेले, तसेच त्वचेवाटेही.

तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झाले, हा समज सोडावा. रुमाल वाफ अडवीत नाही. उलट भिजला की विष नाकाशीच धरून ठेवतो. वाफ शोषणाऱ्या कोळशाची डबी असलेला मुखवटा, हातमोजे आणि अंगभर कपडे वापरावेत. वाऱ्याकडे पाठ करून फवारावे. काम संपताच साबणाने अंग धुवावे. नाक गळण्याबरोबर छाती आवळली, दृष्टी अंधुक झाली किंवा घाम सुटला, तर औषधाची बाटली घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. मुखवटा व हातमोजे पुरविणे हे मजूर लावणाऱ्याचे कर्तव्य आहे. मजुरीइतकेच ते त्याने देणे मानावे.