लिमा बघायचंय? आधी पवनी बघा

मोठं शहर पाहुणा म्हणून बघताना मी आधी एकच गोष्ट शोधतो: पायाखालचं जुनं शहर.

पेरू देशाच्या राजधानीत, लिमामध्ये, उंच इमारतींच्या मधोमध वाका पुक्याना हा कच्च्या विटांचा पिरॅमिड आहे. साधारण १५०० वर्षं जुना. शहर वाढलं तसा त्याचा बराच भाग सपाट झाला. उरलेला उकरून जपला, आणि आज लोक तिकीट काढून तो बघतात.

आता आपल्याकडे या. गोसीखुर्दला आपण धरणाचे ३३ दरवाजे बघतो, रील काढतो आणि परत फिरतो. पण जवळच्याच पवनीत २००० वर्षांहून जुनं शहर आहे. तीन बाजूंना मातीचा तट नि खंदक, चौथीला वैनगंगा. १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडी खोदली, तेव्हा तिच्यात बौद्ध स्तूप निघाला.

म्हणून माझा क्रम असा: आधी तटाकडेनं चाला, म्हणजे शहर केवढं होतं ते पायांना कळतं. मग टेकडी, शेवटी घाट. फक्त तटाची माती नेऊ नका, जुन्या विटा उचलू नका. लिमात जे सपाट झालं ते परत आलं नाही. आपलं अजून जागेवर आहे.