होळकरांची ड्यूसेनबर्ग

मोटार विकत घ्यावयाची म्हणजे दुकानात जावे, रंग पसंत करावा आणि पैसे भरून ती घरी आणावी, अशी आपली समजूत असते. परंतु १९३० च्या सुमारास जगातील अत्युत्तम मोटारी अशा रीतीने मिळत नसत. कारखाना गिऱ्हाइकाला बहुधा नुसता सांगाडा देई. पोलादी चौकट, तीवर इंजिन, चार चाके, सुकाणूचे चाक आणि ब्रेक, एवढेच. बसावयास आसन नाही, दरवाजा नाही, छप्पर तर नाहीच! वरचे अंग गिऱ्हाइकाने दुसऱ्या कारागिराकडून आपल्या आवडीप्रमाणे घडवून घ्यावयाचे. अशा दोन हातांनी घडलेली एक अपूर्व मोटार आमच्या इंदूरच्या महाराजांची होती.

तिचा सांगाडा अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील ड्यूसेनबर्ग कंपनीचा. फ्रेड आणि ऑगस्ट हे ड्यूसेनबर्ग बंधू मूळचे जर्मनीतले. लहानपणीच ते अमेरिकेत आले. १९२१ साली फ्रान्समधील ग्रां प्री शर्यत त्यांच्या मोटारीने जिंकली, तेव्हा यूरोपातील यंत्रज्ञांना अमेरिकेची दखल घ्यावी लागली. १९२८ च्या डिसेंबरात त्यांनी 'मॉडेल जे' लोकांपुढे मांडली. एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती! नुसत्या सांगाड्याची किंमत ८,५०० डॉलर. त्या काळी फोर्डची साधी मोटार ५०० डॉलरांच्या आसपास मिळत असे. पुढे १९३२ साली इंजिनात अधिक हवा दाबून भरणारे यंत्र बसवून 'एसजे' निघाली, व तिची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगितली गेली. त्याच वर्षी फ्रेड ड्यूसेनबर्ग स्वतःची मोटार चालवीत असता अपघातात जखमी झाले, व काही आठवड्यांनी न्यूमोनियाने वारले.

महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांना नव्या कलेची मोठी आवड. माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून बांधून घेतला, हे इंदूरकरांस ठाऊक आहेच. मोटारीतही त्यांनी तीच दृष्टी ठेवली. एसजेचा लांब सांगाडा त्यांनी निवडला. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर १५३.५ इंच, म्हणजे पावणेतेरा फुटांहून किंचित अधिक. अशा सांगाड्यावर सहज सात माणसे बसतील. महाराजांनी वर घडविली ती उघडी, दोघांनी बसावयाची शर्यती धाटणीची गाडी! रंग काळा व नारिंगी. हे अंग १९३५-३६ च्या सुमारास लंडनमधील गर्नी नटिंग या कारखान्यात तयार झाले.

असे अंग घडत कसे? प्रथम पूर्ण आकाराचे रेखाचित्र काढीत. मग सुतार ॲश नावाच्या चिवट, लवचीक लाकडाचा पिंजरा तयार करीत. त्यावर बसवावयाचा ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी हातोड्याने ठोकून व दोन चाकांमध्ये फिरवून गोलाई देत. आपल्या तांबट आळीत हंडा घडताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे काम परके वाटणार नाही. ठोका थोडा अधिक बसला की पत्रा ताणतो, आणि ताणलेला पत्रा पूर्ववत् करणे महाकठीण. हे कारागीर मूळच्या बग्ग्या बांधणाऱ्यांच्या परंपरेतले. त्यांची नावे सहसा कोठे लिहिली जात नसत, याचे आम्हांस वाईट वाटते.

येथे एक शंका निघेल. छप्पर नसलेली एवढी लांब गाडी वाकत कशी नाही? उत्तर चौकटीत आहे. इंजिनाचे वजन आणि रस्त्याचे हिसके मुख्यत्वे खालची पोलादी चौकटच सोशी. वरच्या अंगावर भार थोडा पडे. म्हणून कारागिराला हवा तो आकार देता येई. पुढे चौकट व अंग मिळून एकच पोलादी पेटी करण्याची पद्धत रूढ झाली. त्या पेटीत छप्परही भार उचलते. ते कापले तर खालून बळकटी द्यावी लागते. मोटारी स्वस्त झाल्या, हलक्या झाल्या, परंतु अंग घडविणाऱ्यांचा धंदा बसला. ड्यूसेनबर्ग कंपनी तर १९३७ मध्येच बंद पडली. सर्व 'जे' व 'एसजे' मिळून सुमारे ४८० च निघाल्या.

त्यांपैकी आखूड सांगाड्याच्या, उघड्या अंगाच्या दोनच मोटारी क्लार्क गेबल आणि गॅरी कूपर या सिनेनटांकडे होत्या. कूपर यांची मोटार २०१८ साली लिलावात २ कोटी २० लाख डॉलरांना गेली. अलीकडे काही कंपन्या संग्राहकांसाठी मोजक्या मोटारी पुन्हा अशा रीतीने घडवू लागल्या आहेत. बेंटलीने २०२० मध्ये 'बाकालार' ही उघडी मोटार जाहीर केली, ती अवघी बारा नगांची. तिला छप्परच दिले नव्हते.

होळकरांची मोटार एकच. ती भारताबाहेर जाऊन अमेरिकेतील संग्राहकांच्या हाती पोहोचली. माणिकबागेत पुढे सरकारी कार्यालय आले. ज्या शहराच्या रस्त्यांसाठी ती घडली, तेथील मुलांना ती आता चित्रांतच पाहावी लागते.