आजोबांचा सुपरमॅन



"मुलांनाही वाचता येईल असं काहीतरी लिहा," असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मी ठरवलं की पाककृती पुष्कळ झाल्या, यावेळी सिनेमावर लिहू. सिनेमा जुना आहे, १९७८ सालचा. नाव 'सुपरमॅन'. तुम्ही म्हणाल, सत्तरी उलटलेल्या बाईला लाल केप घालून उडणाऱ्या माणसाचं काय एवढं कौतुक? तर त्याचीच ही हकीगत आहे.

आमचं लग्न झालं तेव्हा आम्ही मुंबईला भायखळ्यात राहत होतो. आमच्या ह्यांना सिनेमाचं भारी वेड. 'सुपरमॅन' लागला तेव्हा ऑफिस सुटल्यावर हे परस्पर रांगेत उभे राहिले आणि बाल्कनीची दोन तिकिटं घेऊनच घरी आले. माझं इंग्रजी बेताचंच होतं, तरी अडीच तास कसे गेले कळलं नाही. परत येताना बसमध्ये हे म्हणाले, "बघितलंस ना? एवढा ताकदवान माणूस, पण बोलतो किती अदबीने!" पुढे आम्ही इस्राएलला गेलो, अश्दोदला संसार केला, मुलगा नोकरीसाठी कॅनडात आला आणि त्याच्या मागोमाग आम्ही दोघं इथे वॉटर्लूत. पण ह्यांचा सुपरमॅन काही सुटला नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये नवा 'सुपरमॅन' आला. दिग्दर्शक जेम्स गन आणि नायक डेव्हिड कोरेन्स्वेट. या मुलाचे वडील ज्यू, हे कळल्यावर तर ह्यांना उत्साहच आला. नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन थिएटरात गेले. त्यात म्हणे एवढी पडापड चालू असताना सुपरमॅन एका खारीला उचलून वाचवतो. दोघंही त्या खारीवर खूष होते. पण ह्यांनी नातवाला बजावलं, "आमचा सुपरमॅन तू अजून बघितला नाहीस. हिवाळ्यात तुला दाखवतो."

ते दाखवणं राहून गेलं. जानेवारीत एके सकाळी हे दारातला बर्फ फावड्याने काढायला गेले आणि तिथेच कोसळले. ॲम्ब्युलन्स आली, पण उपयोग झाला नाही.

त्यानंतर आमचा नातू गप्प झाला. शाळेत जाई, जेवी, झोपे, पण आजोबांचं नाव काढलं की उठून जाई. मुलं लवकर विसरतात असं आपण म्हणतो. मीही तसंच समजले.

मार्चमध्ये अल्बर्ट स्ट्रीटवरच्या पब्लिक लायब्ररीतून मी त्या सिनेमाची डीव्हीडी आणली. शनिवारी शब्बाथ सुटल्यावर पॉपकॉर्नऐवजी वाटीभर चिवडा घेऊन आम्ही दोघं सोफ्यावर बसलो. सुरुवातीला पडद्यावर नावं येतात. त्यात सुपरमॅनचे निर्माते म्हणून जेरी सीगल आणि जो शूस्टर ही दोन नावं आली. मी म्हटलं, "या दोघांची गोष्ट आजोबा नेहमी सांगायचे."

बालमित्रांनो, ती गोष्ट तुम्हालाही सांगते. जो शूस्टरचा जन्म १९१४ सालचा, आमच्यापासून मोटारीने दीड तासावर असलेल्या टोरोंटोचा. घर ज्यू, बाहेरून आलेलं. वडील शिंपी. जो लहानपणी 'टोरोंटो डेली स्टार' हे वर्तमानपत्र विकायचा. म्हणून सुपरमॅनच्या पहिल्या गोष्टींत क्लार्क केंट ज्या वर्तमानपत्रात नोकरी करतो त्याचं नाव 'डेली स्टार' होतं. 'डेली प्लॅनेट' नंतर झालं. दहाएक वर्षांचा असताना त्याचं कुटुंब अमेरिकेत क्लीव्हलँडला गेलं. तिथे शाळेत त्याला जेरी सीगल भेटला, तोही ज्यू, तोही लाजाळू, तोही चष्मेवाला. जेरी गोष्टी लिहायचा, जो चित्रं काढायचा. १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात त्यांचा सुपरमॅन छापून आला. त्याबद्दल त्यांना १३० डॉलर मिळाले आणि त्या १३० डॉलरांत सगळे हक्क गेले!

सुपरमॅनवर लोकांनी कोट्यवधी कमावले. हे दोघं मात्र कोर्टकचेऱ्या करीत राहिले. वर्षानुवर्षे कॉमिकवर त्यांचं नावसुद्धा नव्हतं. म्हातारपणी जोची नजर जवळजवळ गेली होती. शेवटी हा सिनेमा होणार असं जाहीर झालं, तेव्हा जेरीने वर्तमानपत्रांकडे दाद मागितली, इतर चित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९७५ च्या डिसेंबरमध्ये समझोता झाला. दोघांना वर्षाला २०,००० डॉलर आणि सुपरमॅनबरोबर त्यांचं नाव. म्हणून मी नातवाला म्हटलं, "ही दोन नावं नीट वाच. ती सहज आलेली नाहीत."

आता सिनेमाबद्दल. क्रिप्टॉन नावाचा ग्रह फुटणार असतो. आईबाप आपल्या तान्ह्या बाळाला यानात बसवून पृथ्वीवर पाठवतात. (टोपलीत घालून नदीत सोडलेले आपले मोशे आठवले ना?) बाळाचं नाव कल-एल. कॅन्सासमधल्या एका मूल नसलेल्या शेतकरी जोडप्याला तो सापडतो. सिनेमातली ही शेतं प्रत्यक्षात आपल्या कॅनडातली, आल्बर्टा प्रांतातली आहेत. नातू म्हणाला, "आजी, हे तर सेंट जेकब्ससारखं दिसतं!" खरंच, आमच्या इथे मेनोनाइट लोकांच्या घोडागाड्या जातात त्या रस्त्यांवर उन्हाळ्यात असंच दिसतं. शेतकरी बापाचं काम करणारे ग्लेन फोर्ड क्विबेकमध्ये जन्मलेले आणि नायिका लोइस लेन झालेली मार्गोट किडर पार उत्तरेच्या येलोनाइफची.

दिग्दर्शक रिचर्ड डॉनर. त्या काळी आजच्यासारखे कॉम्प्युटर नव्हते. नायक क्रिस्टोफर रीव्हला तारांनी टांगायचे, मागे मोठ्या पडद्यावर ढग आणि इमारती दाखवायच्या. कॅमेरा आणि प्रोजेक्टर या दोन्हींच्या भिंगांचा झूम एकाच वेळी, एकाच मापाने हलवायचा, म्हणजे टांगलेला माणूस जवळ येतोय किंवा लांब जातोय असं वाटतं. या कामाला खास ऑस्कर मिळालं. नातवाला आधी हसू आलं. "आजी, हे फेक आहे," म्हणाला. पण अर्ध्या तासात तो पुढे सरकून बसला होता.

त्याला सर्वांत जास्त आवडलेला प्रसंग उडण्याचा नव्हताच. क्लार्क लोइसच्या घरी उभा असतो. ती आत गेलेली असते. तो चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, खांदे मागे घेतो, आणि डोळ्यांदेखत दुसराच माणूस होतो! मग धीर होत नाही, पुन्हा चष्मा चढवतो, पुन्हा वाकतो. ना तार, ना पडदा, नुसता अभिनय. माझ्या नातवानेही लगेच उभं राहून ताठ होऊन आणि वाकून बघितलं. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, सिनेगॉगमध्ये तिसरी, अशा आपल्या मुलांना हा प्रसंग कळायला वेळ लागत नाही.

आता मुद्द्याचं. हा सुपरमॅन जुन्या वळणाचा आहे. तो झाडावर अडकलेलं एका मुलीचं मांजर काढून देतो. खोटं बोलत नाही, कुणाला तुच्छ लेखत नाही. हल्लीचे हिरो सारखे चिडलेले आणि चिमटे काढत बोलणारे असतात. सज्जन म्हणजे बावळट, असं मुलांना वाटायला लागतं. हा मात्र सज्जन असून बावळट नाही.

जुन्या वाचकांना आपल्या समाजाचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर आठवतील. 'बूट पॉलिश' या १९५४ च्या चित्रपटातला त्यांचा जॉन चाचा काही उडत नव्हता. एका पायाने लंगडा, चोरून दारू विकणारा गरीब माणूस. पण दोन अनाथ पोरांना तो सांगतो की भीक मागू नका, कष्ट करून खा. त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. हेच डेव्हिड अखेरीस कॅनडात आले आणि टोरोंटोतच वारले. जॉन चाचा आणि सुपरमॅन, दोघांची शिकवण एकच आहे. ताकद असो नसो, लहानाच्या बाजूने उभं राहायचं.

असो. सिनेमातला एक प्रसंग मात्र मी विसरले होते. लक्षात असता तर कदाचित डीव्हीडी आणलीच नसती. क्लार्क अजून शाळेत असतो. त्याचे म्हातारे वडील त्याला समजावतात की तुझी ही शक्ती मॅच जिंकून दाखवण्यासाठी नाही, तू काहीतरी कारणाने इथे आला आहेस. दोघं गमतीने घराकडे पळतात. वडील थबकतात, हात धरतात आणि शेताच्या वाटेवर कोसळतात. दफनाच्या वेळी क्लार्क आईला म्हणतो की मला एवढं सगळं येतं, तरी मी त्यांना वाचवू शकलो नाही.

मी नातवाकडे बघितलं. तो पडद्याकडेच बघत होता. मी बंद करायला उठले तर म्हणाला, "नको, राहू दे."

शेवटी भूकंपात लोइस मरते, तेव्हा सुपरमॅन पृथ्वीभोवती इतक्या जोरात फिरतो की काळच मागे जातो आणि ती वाचते. सिनेमा संपला. मी दिवा लावला. नातू म्हणाला, "आजी, मग त्याने डॅडसाठी टाइम मागे का नाही केला?"

मला उत्तर सुचेना. मी म्हटलं, "तेव्हा तो लहान होता रे. त्याला ते येत नव्हतं."

बराच वेळ तो चिवड्याची वाटी फिरवत बसला. मग म्हणाला, "आजोबांनी मला हेल्पला बोलावलं होतं. मी म्हटलं, फाइव्ह मिनिट्स. मी गेम खेळत होतो."

वाचकहो, दोन महिने हे ओझं त्या एवढ्याशा पोराने एकट्याने वाहिलं आणि मी समजत होते, मूल विसरलं. मी त्याला जवळ घेतलं आणि जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ह्यांना बूट घालताना मी बघितलं होतं. डॉक्टरांनी जड काम करू नका म्हणून सांगितलं होतं, तेही मला ठाऊक होतं. तरी मी चहा ठेवत होते आणि "जाऊ नका" म्हटलं नाही. "मग ती चूक कुणाची? तुझी, का माझी?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "कुणाचीच नाही." मग आम्ही दोघंही रडलो.

माझा मुलगा आवाज ऐकून वरून खाली आला. सगळं ऐकून तो मुलाजवळ बसला आणि आजोबांच्या गोष्टीतला राहिलेला भाग त्याने सांगितला. जेरी सीगल १७ वर्षांचा असताना, १९३२ साली, त्याच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या झटापटीत वडील कोसळून गेले. सिनेमात गल्लीत चोर पिस्तूल झाडतो आणि क्लार्क ती गोळी हातात झेलतो, आठवतं ना? जेरीच्या मनात काय होतं हे आपण कसं सांगणार! पण ज्या मुलाला आपल्या बापाला वाचवता आलं नाही, त्याने पुढे सगळ्यांना वाचवणारा माणूस रचला, एवढं खरं. मला वाटतं, हा सुपरमॅन इतका आपला वाटतो तो यामुळे. त्याच्याही हातून सगळं होत नाही. तरी तो कडवट होत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणाच्या तरी मदतीला जातो.

क्रिस्टोफर रीव्हचंही तसंच झालं. १९९५ च्या मे महिन्यात घोड्यावरून पडून त्याच्या मानेला इजा झाली आणि सारं शरीर लुळं पडलं. उडणारा माणूस खुर्चीला खिळला. पण मणक्याच्या दुखापतीवर संशोधन व्हावं म्हणून तो झटत राहिला. २००३ साली तो त्यासाठी इस्राएललाही येऊन गेला. तेव्हा अश्दोदला आमच्या घरी ह्यांनी टीव्हीसमोरून कुणाला हलू दिलं नव्हतं. १० ऑक्टोबर २००४ रोजी, ५२ व्या वर्षी तो वारला.

त्या शनिवारनंतर आठवड्याभरात पुन्हा बर्फ पडला. सकाळी बघते तो नातू आपलं लहान फावडं घेऊन दारात उभा. मी म्हटलं, "थांब, मीही येते." तो म्हणाला, "आजी, तू आत बस. तू फक्त चहा कर." मी चहा ठेवला, पण यावेळी खिडकीतून नजर हलवली नाही.

बालमित्रांनो, आजी-आजोबांना विचारा, तुमचा आवडता हिरो कोण होता, आणि तो सिनेमा त्यांच्या शेजारी बसून बघा. हा सिनेमा २ तास २३ मिनिटांचा आहे. भूकंपाचा भाग अगदी लहानांना भीतीचा वाटेल, तेव्हा मोठ्यांचा हात धरा. आणि आजी-आजोबांनो, सिनेमा संपल्यावर लगेच झोपायला जाऊ नका. दिवा लावून थोडं बसा. मुलांना काही सांगायचं असतं, ते बहुधा तेव्हाच बाहेर येतं.