वाघ हवा, वाघमारे नको

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ साली झाला. त्याच्या आदल्या वर्षी लॅरी वॉल यांची पर्ल ५ ही संगणकभाषा आली आणि तिच्याबरोबर ‘लुकअहेड’ आले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ताडोबातल्या मोहर्लीच्या वाघांवर तेव्हापासून साठत आलेला मराठी मजकूर संगणकावर चाळायचा, तर हे लुकअहेडच कामी येते.

मजकुरात नमुना शोधण्याची रेग्युलर एक्स्प्रेशनची रीत त्याहून जुनी. केन थॉम्पसन यांनी १९६८मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला, १९७३च्या सुमारास युनिक्सवर ‘ग्रेप’ हे शोधसाधन आले. मोहर्ली आणि मोहुर्ली ही दोन्ही लेखने ‘मोहु?र्ली’ एवढ्याने सापडतात. त्याला जुनी रीत पुरे. अडचण ‘वाघ’ शोधताना येते. वाघाने, वाघिणीला हवे असतात. पण सोबत वाघमारे, वाघचौरे ही आडनावे येतात. २०२४च्या जुलैत साताऱ्यात वाघनखे आली, तेव्हाच्या बातम्यांत तर तीच भरलेली.

इथे ‘वाघ(?!मारे|चौरे|नख)’ लिहायचे. वाटाड्या आपल्या जागी उभा राहून पुढचे वळण न्याहाळतो, तसा हा कंस, म्हणजेच लुकअहेड, पुढची अक्षरे नुसती पाहतो, जुळणीत घेत नाही. नको ते दिसले की ‘वाघ’ही सोडून देतो. वाघांच्या क्रमांकांतला टी-१ शोधताना टी-१२, म्हणजे पांढरपौनीची माया वाघीण, यादीत येऊ नये म्हणून ‘टी-१(?![०-९])’. आणि मोहर्ली व वाघ कोणत्याही क्रमाने एकाच ओळीत हवे असतील, तर ‘^(?=.*मोहु?र्ली)(?=.*वाघ)’.

मराठीला लुकअहेडची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे, असे माझे ठाम मत आहे. पायथन या संगणकभाषेच्या नेहमीच्या ‘रे’ मॉड्यूलला काना-वेलांटी शब्दाचा भाग वाटतच नाही. त्यामुळे शब्दसीमेची तयार खूण ‘वाघाने’मधल्या घ नंतरच शब्द संपवते. सुटा ‘वाघ’च हवा, तर ‘वाघ(?![ऀ-ॿ])’ असे देवनागरीचे कुंपण आपणच घालावे लागते.

जावास्क्रिप्टने लुकअहेड १९९९मध्ये घेतले. मागे पाहणारे लुकबिहाइंड तिथे २०१८मध्ये प्रमाणित झाले. गूगलच्या आरई२ या नमुनाशोधकात मात्र दोन्ही नाहीत, कारण शोधाला लागणारा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच राहील याची हमी त्याला द्यायची असते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनवार्ता जमवणाऱ्यांना एवढीच विनंती: वाघांच्या नोंदींचे आकडे छापाल, तेव्हा ज्या नमुन्याने त्या शोधल्या तोही शेजारी छापा.