एका वेळी एकच गोळा

पुण्याहून नगरमार्गे मनमाडला वर्षानुवर्षे गेलेल्या माणसाला दौंडचा मुक्काम समजावून सांगायला नको. मनमाडचा फाटा दौंड यार्डाच्या पुण्याकडच्या टोकाला फुटतो. त्यामुळे पुण्याची गाडी आत आली की इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावल्याशिवाय गत्यंतर नसे. तेवढ्यात लोक चहा उरकत. माझे लक्ष मात्र इंजिन आणि पहिला डबा यांच्या बेचक्यात उतरलेल्या माणसाकडे असे. आता कॉर्ड लाईन झाल्यापासून पुणे-मनमाडच्या कितीतरी गाड्या जंक्शनात न शिरताच वळतात. वेळ वाचतो, तक्रार नाही. पण आगगाडी कशाच्या भरवशावर चालते हे फुकटात दाखवणारा प्रयोग कमी झाला, एवढे खरे.

तो माणूस कपलिंग जोडायचा आणि मग होज पाइप एकमेकांत अडकवायचा. मेख त्या पाइपात आहे. ब्रेकच्या नळीत इंजिनाने चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाब भरला की ब्रेक सुटतात, दाब गेला की लागतात. आपल्या मनात असते त्याच्या हे नेमके उलट. कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले तर नळीही तुटते, हवा निघून जाते आणि दोन्ही तुकडे आपसूक थांबतात. डब्यातली साखळी ओढल्यावरही याच नळीतला दाब उतरतो. पूर्वीच्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये नळीतून हवा काढून घेत आणि आत हवा शिरली की गाडी थांबे. रीत वेगळी, पण बिघाड झाला तर थांबायचे हा शिरस्ता तोच.

हाताच्या सिग्नलचेही तसेच. जुन्या पद्धतीत हात आडवा असला की थांबा आणि 45 अंश खाली आला की चला. ओढतार तुटल्यावर हात आपोआप खाली लोंबकळून 'चला' म्हणाला असता, म्हणून त्याला उलट बाजूने वजन लावलेले असे. नंतर वर जाणारे हात आले. ते केबिनमधून खटका ओढून वर धरावे लागत. तार तुटली की स्वतःच्या वजनानेच आडवे होत.

एकेरी मार्गावर मात्र प्रश्न वेगळा असतो. पुढच्या स्टेशनाने याच रुळांवर समोरून गाडी सोडलेली नाही, हे ड्रायव्हरला कोणाच्या शब्दावर मानायचे?

दौंड-मनमाड एकेरी मार्ग 1878 साली सुरू झाला. त्याच्या मातीकामाला 1876-78 च्या दुष्काळातले मजूर होते. याच दुष्काळात हिंदुस्थान सरकारने धाडलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे अशी केली. 1877 च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी दुष्काळी कामे सोडली आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. एक पौंड धान्यावर माणूस माती उपसू शकतो, हा हिशेब करणाऱ्याने स्वतः कधी घमेले उचलले नव्हते, हे उघड आहे.

त्याच 1878 साली इंग्लंडमध्ये एडवर्ड टायरने एकेरी मार्गाच्या त्या प्रश्नावर उतारा म्हणून टॅब्लेट यंत्राचे पेटंट घेतले. त्यामागे थॉर्पचा अपघात होता. 10 सप्टेंबर 1874 च्या रात्री नॉर्विच आणि ब्रंडलच्या दरम्यान, एकेरी रुळावर एक मेल आणि एक एक्स्प्रेस समोरासमोर आदळल्या. 25 माणसे मेली. नॉर्विचच्या रात्रपाळीच्या इन्स्पेक्टरने मेल सोडण्याचा तोंडी हुकूम दिला असे तारबाबूचे म्हणणे होते. तारेचा मजकूर इन्स्पेक्टरने सही केल्यावरच पाठवायचा, असा नियम होता. पोरसवदा तारबाबूने तो सहीविनाच पाठवून दिला. थोड्या वेळाने इन्स्पेक्टरने एक्स्प्रेसही सोडली. चूक ध्यानात आली तेव्हा तार करून उपयोग नव्हता, कारण मेल आधीच निघालेली होती. खटल्यात तारबाबू सुटला आणि इन्स्पेक्टरला कैद झाली. लोकांची तोंडी हुकमावर कामे करायची सवय जुनी असणार. ती पडू देणारा वरिष्ठ आणि सही मागायला कचरलेला पोरगा, हे दोघेही आपल्या कचेऱ्यांना अनोळखी नाहीत.

टायरने माणसाचा शब्दच कटाप केला. ड्रायव्हरच्या हातात वस्तू हवी, आणि एका टप्प्यासाठी ती एका वेळी एकच बाहेर निघावी. भारतात याच जातीचे, नील या संशोधकाचे यंत्र रुळले. त्यात लोखंडी गोळे असतात. दोन शेजारी स्टेशनांवर एकेक यंत्र असते आणि दोन्ही तारेने जोडलेली असतात. इकडच्या मास्तरने घंटी देऊन विचारायचे आणि तिकडच्याने लाईन क्लिअर दिली तरच इकडे गोळा सुटणार. एकदा तो बाहेर पडला की दोन्ही यंत्रे कुलूपबंद होतात. तोच गोळा पुढच्या स्टेशनच्या यंत्रात पडेपर्यंत, किंवा परत इथल्याच यंत्रात येईपर्यंत, दुसरा निघत नाही. लागून असलेल्या टप्प्याचा गोळा वेगळ्या घडणीचा असतो. तो चुकून इकडच्या यंत्रात टाकायला गेले तर बसतच नाही.

वेताच्या कड्याला चामड्याची पिशवी आणि पिशवीत गोळा. न थांबणाऱ्या गाडीतून फायरमन हात बाहेर काढून नवे कडे उचले आणि जुने खाली टाकून देई. गोळा हरवला तर यंत्र अडून बसते. मग कागदी लाईन क्लिअर तिकिटावर गाड्या चालवाव्या लागतात आणि सगळा भार पुन्हा माणसाच्या शब्दावर येतो. एका दिशेने गाड्या जास्त गेल्या की गोळे एका स्टेशनवर साठत. सिग्नल खात्याचा माणूस यंत्र उघडून, रजिस्टरात नोंद करून ते परत नेऊन ठेवी. स्टेशन मास्तरला तेवढीही मुभा नव्हती, आणि ते योग्यच होते.

 

आता मनमाड मार्गावर दुसरी लाईन टाकण्याचे काम चालू आहे. दुहेरी मार्गावर जाणारीचे रूळ वेगळे, येणारीचे वेगळे, तिथे गोळ्याचे कामच उरत नाही. गाडी पुरी गेली की नाही हे आज अॅक्सल काउंटर आसांची संख्या मोजून ठरवतात. दौंडमध्ये रेल्वेत दोन-तीन पिढ्या काढलेली घरे पुष्कळ आहेत. तुमच्या माळ्यावर आजोबांची स्टेशन वर्किंग रूल्सची वही, केबिनच्या खटक्यांचा नकाशा किंवा ड्यूटीची डायरी असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याला देऊ नका.