पाठीवरचे बिऱ्हाड

ऑरेगन राज्यातील हिल्सबरो या गावी माझा भाचा नोकरीनिमित्त स्थायिक असून, गेल्या वर्षी वैशाखात आम्ही उभयता सहा महिन्यांच्या मुक्कामास त्याच्याकडे पोहोचलो, तेव्हा त्याच्या दारापुढच्या फरसबंदीवर चार लोखंडी टेकूंच्या आधारे, हिरव्या शेवाळाने माखलेली एक ठेंगणी पत्र्याची पेटी उभी होती. एखाद्या कचेरीतून लिलावात निघालेल्या कपाटाप्रमाणे तिचे ते रूप पाहून मी काही बोलणार, तोच तो म्हणाला, "मामा, हे घर आहे. याचे छप्पर वर उचलायचे असते." कोणा शेतकऱ्याच्या कोठाराआड कित्येक हिवाळे पडून राहिलेले हे घर, स्वखर्चाने उचलून न्यावे एवढ्याच बोलीवर त्याला मिळाले होते, आणि फुकट मिळालेल्या वस्तूचा जमाखर्च पुढे कोणत्या थराला जातो, याचा अनुभव त्याला अद्याप यावयाचा होता.

पिकअप ट्रकच्या उघड्या हौद्यात बसवावयाचे, पुढचा भाग चालकाच्या टपावर झुकवून तेथे निजावयाची सोय केलेले, आणि प्रवासात छप्पर खाली घेऊन मुक्कामी ते हातभर वर उचलावयाचे असे हे बिऱ्हाड अमेरिकेत 'पॉप-अप कॅम्पर' या नावाने ओळखले जाते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो. येथे ते शब्दशः खरे आहे. छप्पर खाली असल्यामुळे वारा कमी अडतो, झाडांच्या फांद्या चुकतात आणि वजन वर न राहिल्याने वळणावर गाडी कलंडण्याचे भय कमी होते. युद्धकाळात, १९४२ साली घाईने बांधलेला अलास्काचा महामार्ग १९४८ मध्ये सर्वसामान्य प्रवाशांस खुला झाला, त्यानंतर अशा दूरच्या खडतर वाटांच्या ओढीने ट्रकवर घर चढविणारे पुष्कळ निघाले, त्यांपैकी आर. डी. हॉल यांनी पन्नाशीच्या दशकात, वरचा अर्धा भाग हायड्रॉलिक दाबाने खालच्या भागावर सरकवून उचलणारा 'अलास्कन' कॅम्पर सिद्ध केला. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० साली अशाच एका ट्रकवरच्या घरातून, सोबत कुत्रा घेऊन, देशभर हिंडला. त्याचे छप्पर मात्र उचलते नव्हते. डॉन किहोतेच्या घोड्यावरून 'रोसिनान्ते' असे नाव दिलेली ती गाडी आज कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथील त्याच्या स्मारक-संग्रहालयात उभी आहे.

शेवाळ धुऊन निघाल्यावर पेटीचा रीतसर पंचनामा सुरू झाला. बाहेरून पत्रा निष्कलंक दिसत होता, आणि खरी मेख तेथेच होती. कारण ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, सबब आतील लाकडाची अवस्था बाहेर कळतच नाही. टपावर झुकणाऱ्या भागाच्या कोपऱ्यावरील पट्टी उकलून भाचा एक स्क्रू फिरवू लागताच तो न फिरता सरळ हातात आला, आणि त्याच्या आट्यांत चहाच्या चोथ्यासारखा काळपट, ओला भुसा अडकलेला होता. पत्रा सोलल्यावर तेथील आडवी काठी बोटांनी चुरगळावी इतकी कुजलेली आढळली. लाकूड कुजते ते पाण्याने नव्हे, पाण्यावर पोसलेल्या बुरशीने. आणि लाकडातील आर्द्रता शेकडा वीसच्या खाली राहिली तर ही बुरशी वाढत नाही. म्हणजे पाण्याची वाट बंद करणे हेच या सर्व दुरुस्तीचे मर्म होय, आणि बाकीचे सारे त्यामागून यावयाचे.

परंतु माणसाचा स्वभाव नेमका उलटा. आमच्या सूनबाईंनी, म्हणजे भाच्याच्या पत्नीने, पहिल्याच आठवड्यात गाद्यांच्या अभ्र्यांचे कापड निवडून ठेवले होते, आणि पूर्वीच्या मालकांपैकी कोणी तरी भिंतींना सुंदर पांढरा रंग देऊन ओल झाकली होती. त्याच गृहस्थाने गळणाऱ्या प्रत्येक सांध्यावर सिलिकॉनचा लेप फासला होता. या पदार्थाइतका घातकी मित्र नाही: जुन्या सिलिकॉनवर दुसरे काही चिकटत नाही, नवे सिलिकॉनसुद्धा नाही, आणि त्याच्या आड शिरलेले पाणी मात्र सुखाने नांदते. प्लास्टिकच्या पात्याने ते खरवडून काढण्यात भाच्याचे तीन शनिवार गेले. त्यानंतर प्रत्येक पट्टीखाली ब्यूटाइलची मऊ, चिकट फीत घालून स्क्रू हळूहळू आवळले, बाहेर ओसंडलेली फीत कापून टाकली, आणि छतावरील झरोक्यांच्या कडांवर आपोआप पसरणारा लुकणाचा पातळ थर ओतला.

सांगाड्याचे काम मला सर्वांत मनोवेधक वाटले. चौकट डग्लस फर या लाकडाची. हा वृक्ष ऑरेगनचा राज्यवृक्ष आहे. बाजारात ही काठी 'दोन बाय दोन' म्हणून विकली जाते, परंतु मोजावी तर दीड इंच भरते. हा तेथील व्यापाराचा शिरस्ता असून त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. सगळ्या कुजक्या काठ्या एकदम काढल्या तर पेटीचा आकारच बिघडतो, म्हणून एक काढावी, तिच्या मापाने नवी कापावी, गोंद व स्क्रू लावून बसवावी आणि मगच दुसरीला हात घालावा. १९७२ पासून 'फोर व्हील कॅम्पर्स' ही कंपनी ॲल्युमिनियमची वेल्डिंग केलेली चौकट वापरीत आली आहे. तीत कुजण्याचा प्रश्न उद्भवत नाही, परंतु घरच्या करवतीने दुरुस्त होण्याचा गुणही तीत नाही.

छप्पर उचलण्याची युक्ती इतकी साधी की मला तिची गंमत वाटली. पुढे व मागे मधोमध मोडणाऱ्या प्लायवुडच्या फळ्या, त्यांना लांबच लांब बिजागरी; खांद्याने रेटा दिला की दुमडलेली फळी सरळ होते आणि छप्पर तिच्यावर ठाकते. भोवतीची कापडी भिंत उन्हाने तडकली होती. तिची शिवण उसवून तुकड्यांचे नमुने काढले आणि होड्यांची आच्छादने शिवणाऱ्या कारागिराकडून विनाइलचा मुलामा दिलेल्या कापडाची नवी भिंत शिवून घेतली.

विजेचे काम एका दिवसात उरकले. गॅसची तपासणी मात्र साबणाच्या फेसाने, सांध्यामागून सांधा, दोनदा झाली, कारण प्रोपेन हवेहून जड असल्याने तळाशी साचतो. म्हणूनच टाकीच्या कप्प्याला तळाशी झरोका लागतो आणि गळतीची सूचना देणारे यंत्र जमिनीलगत बसवतात. शेवटी वजनाचा हिशेब. चालकाच्या दारालगतच्या खांबावर गाडीने किती भार वाहावा याची चिठ्ठी डकवलेली असते, आणि त्या आकड्यात माणसेही धरलेली असतात. वीस गॅलन पाणी म्हणजे सुमारे शहात्तर किलो. हे समजल्यावर सूनबाईंनी लोखंडी तवा आपण होऊन यादीतून काढला.

दसऱ्याच्या सुमारास ऑरेगनचा पाऊस सुरू झाला, तो चार दिवस खळला नाही. पाचव्या दिवशी सकाळी भाच्याने निजावयाच्या जागेची गादी उचलून त्याच कोपऱ्यात आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राच्या सुया टोचल्या. आकडा तेरा आला.