नुसत्या बोलण्याला पैसे कशाला?

‘बोलायचंच आहे ना? मग माझ्याशी बोल की! त्यासाठी फी कशाला मोजायची?’ समुपदेशकाचं नाव काढलं की घरात हे ऐकू येतंच. मैत्रिणींनो, हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. भल्याभल्या पंडितांनाही तो पडला होता. १९५२ साली आयसेंक या मानसशास्त्रज्ञाने तर उपचार न घेणारेही तितकेच बरे होतात, असं लिहून खळबळ उडवून दिली. पुढे १९७७ मध्ये स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यासांची गोळाबेरीज केली, तेव्हा कुठे गुण येतो हे पटलं.

पण गुण येतो तो कशाने? खरं भांडण इथेच आहे. काहीजण म्हणतात, पद्धतीमुळे. दुसरे म्हणतात, पद्धत कोणतीही असो, विश्वासाने ऐकून घेणारं माणूस भेटलं की झालं. शिकवणाऱ्या बाईला याचं नवल वाटत नाही. पुस्तक एकच, पण एका वर्गात मुलं रमतात आणि दुसऱ्यात जांभया देतात. मात्र नुसत्या मायेने भागाकार येत नाही, हेही तितकंच खरं! सारखे हात धुणाऱ्या बाईला ‘स्वच्छ झाले गं’ अशी रोज समजूत घातली, तर तिचा आजार उलट वाढतो. तिथे न धुता थांबायची सवयच हळूहळू लावावी लागते.

आपल्या शेजारच्या गोव्यातला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याने ग्रासलेल्या ४९५ जणांवर तो झाला आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. समुपदेशक कोण, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. भेटी सहा ते आठ. उभारी येण्याची वाट न बघता सुटलेली छोटी छोटी कामं आधी पुन्हा धरायची, एवढीच पद्धत. तीन महिन्यांनी यांच्यापैकी ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं; केंद्रातले एरवीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. म्हणजे मोठी पदवी नसली तरी चाललं, पण या काही पारावरच्या गप्पा नव्हत्या. भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकून ही मंडळी एकमेकांचं काम तपासत. आपल्या पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली उभारलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनातून सुटलेलीच माणसं नव्यांना हात देत आली आहेत.

आणि घरच्यांचं म्हणाल, तर सासूबाईंविषयीचं दुखणं सासूबाईंना कसं सांगणार? ऐकणारं माणूस आपलं हवं, पण आपल्या भांडणातलं नको!

तीन-चार भेटींनंतर स्वतःला विचारा: इथे मोकळं बोलता येतं का? काय साधायचं हे दोघींना ठाऊक आहे का? घरी करण्याजोगं काही मिळतं का? नसेल, तर तसं तोंडावर सांगा. तरीही जमेना तर खुशाल समुपदेशक बदला. डॉक्टर बदलताना कुठे लाजतो आपण? मात्र जीव नकोसा वाटत असेल किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर थेट मनोविकारतज्ज्ञ गाठा आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नका. २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवाही आहे. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, आणि मराठीतही बोलता येतं.